येणे की दिले?

तुझा मसुदा काल रात्री वाचला आणि आज पहाटे चहा ठेवण्याआधी पुन्हा वाचला. रात्री वाचताना ऊर भरून आला. पहाटे वाचताना पोटात कालवलं. दोन्ही तुला सांगायचंय, म्हणून फोन न करता लिहायला बसले आहे. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत आईच्या गुडघेदुखीवर येऊन पोचतो, आणि हे बोलणं तुझ्याजवळ लिहिलेलं राहायला हवं.

ऊर का भरून आला ते आधी सांगते, बयो. शोधनिबंध साठवायचं आणि वाचायचं ॲप, तेही फोनसाठी, ही गरज खरी आहे हे मला कुणी पटवून द्यायला नको. मी ती रोज बघते. आमच्या ग्रंथालयात दुपारी तीननंतर एम.एस्सी.ची मुलं येतात. संगणक सहा, मुलं तीस. मग जो तो आपापला फोन काढतो. दोन रकान्यांचा पेपर त्या एवढ्याशा पडद्यावर उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, डावा रकाना वाचत खाली जायचं, मग पुन्हा वर यायचं, उजवीकडे सरकायचं, पुन्हा खाली. मधेच बोट घसरलं की पान निसटतं आणि ओळ हरवते. वाचत असलेली ओळ सुटू नये म्हणून फोनवर हेअरपिन आडवी धरून बसलेली एक मुलगी मी पाहिली आहे. रोज दीड तास एसटीने येते ती. तिच्यासाठी तरी तुझं ॲप व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि वेळही बरी आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था. २०२५ च्या जानेवारीपासून ती सुरू झाली. ज्या नियतकालिकाचं नावही गावाकडच्या सरकारी कॉलेजात कुणी घेत नसे, त्याचे अंक आता तिथल्या मुलांना उघडता येतात. उघडता येतात, पण फोनवर. म्हणजे पुन्हा हेअरपिन.

आता पोटात का कालवलं ते. मसुद्यात तू लिहिलंस, आम्हाला बारा लाख रुपये द्या, आम्ही सहा महिन्यांत ॲप बनवू. 'बनवू' या शब्दापाशी तुझा मसुदा संपतो. सातव्या महिन्यात काय, याबद्दल एक ओळ नाही. आणि पैसे देणाऱ्यांना टी-शर्ट, कप आणि सहीची कार्डं देणार असं मात्र पाऊण पान आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू तेव्हा बारावीत होतीस आणि मी घरात कुणाशीच त्याबद्दल बोलले नव्हते. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी एकदा असेच पैसे गोळा केले होते. जुन्या मराठी मासिकांतल्या लेखांची सूची फोनवर शोधता यावी, एवढंच काम होतं. दोनशेच्या आसपास माणसांनी पैसे दिले. कुणी शंभर, कुणी पाच हजार. लक्ष्य गाठलं त्या रात्री आम्ही तिघी मस्तानी प्यायला गेलो होतो.

पुढचं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. देणाऱ्यांना छापील कप आणि वह्या कबूल केल्या होत्या. कप फुटू नयेत म्हणून खोके, खोक्यांना कुरिअर, परत आलेली पार्सलं, चुकलेले पिनकोड. पहिले चार महिने कपांतच गेले. कोड लिहायला घेतलेल्या मुलाला मधेच नोकरी लागली. त्याला दोष देत नाही, त्यालाही घर चालवायचं होतं. आणि मग आम्ही गप्प झालो. काम अडलं याचं मला फार वाटत नाही, कामं अडतात. अडलंय हे आम्ही कुणाला सांगितलं नाही, ते मला आजही बोचतं. थोडं काहीतरी दाखवण्यासारखं होऊ दे, मग कळवू, असं म्हणत म्हणत सात महिने गेले.

मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. सांगलीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक, पाचशे रुपये दिलेले. अक्षर फळ्यावरच्यासारखं स्वच्छ, रागाचा एक शब्द नाही. त्यांनी विचारलं होतं की, मार्चअखेर आली आहे, माझ्या वहीत तुमच्या नावापुढे पाचशे रुपये आहेत, ती रक्कम 'येणे' म्हणून पुढच्या वर्षात ओढू की 'दिले' म्हणून मिटवू?

मी ते कार्ड हातात घेऊन किती तरी वेळ बसले. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मलाच ठाऊक नव्हतं. आम्ही पैसे मागताना कधी तो विचारच केला नव्हता. आमच्या आवाहनात 'पाठबळ द्या' असंही होतं आणि 'ॲप मिळवा' असंही होतं. दोन्ही शब्द गोड वाटले म्हणून दोन्ही वापरले.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हे की तुझ्या आवाहनातल्या प्रत्येक रुपयापुढे आधी तूच लिहून ठेव: हा 'दिले' खात्यातला की 'येणे' खात्यातला. आपल्याकडे वर्गणी मागणाऱ्या शहाण्या माणसांना हा फरक चांगला कळत होता. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड घे. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. माणशी एक पैसा जमवत जमवत त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा देणाऱ्याच्या मनात त्या बदल्यात पेला मिळेल असं नव्हतं. ते शुद्ध 'दिले' होतं. उलट डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले आणि वर्गणीदार आगाऊ नोंदवले. तिथे भागधारकाचं एक येणं होतं आणि वर्गणीदाराचं दुसरं. त्याला खंड हातात हवे होते. केतकरांनी २३ खंड पुरे केले, आणि पुढे हे सगळं कसं घडलं त्याचा इतिहास 'माझे बारा वर्षांचे काम' म्हणून लिहूनही ठेवला. ज्ञानाच्या साधनासाठी लोकांचा पैसा घेतलेला माणूस किती बारकाईने आपल्या कामाचा जाब देतो ते पाहायचं असेल तर ते पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. पुढच्या खेपेला आलीस की काढून ठेवते.

तुझं ॲप या दोन्हींच्या मधे कुठे तरी आहे, आणि म्हणून जास्त अवघड आहे. कारखाना उभा राहिला की दिसतो. खंड छापला की तो वाचकाच्या कपाटात जातो, मग तुझं दुकान चालो की बंद पडो, त्याचा खंड त्याच्याकडेच. ॲपचं तसं नाही. अँड्रॉइडची दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि जुनं ॲप हळूहळू अडखळायला लागतं. कुणी तरी ते सांभाळत राहावं लागतं. आणि यात माणसं काय ठेवणार आहेत, बघ. पीएचडीची चार-पाच वर्षं. कुठला पेपर कधी वाचला, कुठल्या ओळीखाली रेघ मारली, समासात काय लिहिलं. तू त्यांच्याकडून पाचशे रुपये घेशील, पण ते तुझ्या हवाली करणार आहेत ते पाचशे रुपयांचं नाही.

मोठमोठ्यांनाही हे निभावलेलं नाही. पेपर साठवायचं मेंडेली तू वापरलं आहेस. मेंडेल आणि मेंडेलीव्ह या दोघांच्या नावांवरून ते नाव घेतलंय, मला ते फार आवडायचं. २०१३ साली एल्सेविअरने ते विकत घेतलं, आणि २०२१ मध्ये त्यांची फोनवरची ॲप्स बंद झाली. एवढी मोठी कंपनी पाठीशी असून. त्याच कामाच्या झोटेरोची वाट वेगळी. ते २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं, फुकट आणि ओपन सोर्स आहे, आणि अजून धडधाकट आहे. त्याचं एक साधं कारण तुझ्या कामाचं आहे: झोटेरो फुकट असलं तरी त्यांच्या सर्व्हरवर जागा ३०० एमबीच फुकट मिळते, पुढे जास्त जागेला वर्षाचे पैसे पडतात. दोन जीबीला २० डॉलर. म्हणजे ॲप जगवायचा पैसा कुठून येणार ते त्यांनी ठरवून ठेवलं आहे. तो दरवर्षी येतो, एकदाच येत नाही.

म्हणून माझ्या मनातली मुख्य गोष्ट सांगते. ॲप बनवायला पैसे मागू नकोस. अर्धंमुर्धं का होईना, बनव आधी, आणि मग ते जगवायला पैसे माग. तुझ्या बारा लाखांतले दहा लाख पहिल्या सहा महिन्यांत संपतात. ते मी उलटं करायला सांगेन. छोटी रक्कम माग, तिचा निम्म्याहून जास्त भाग पुढच्या दोन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेव, आणि तसं आवाहनातच स्पष्ट लिही. माझा अनुभव आहे, लोक अशा वाक्याने घाबरून मागे सरत नाहीत. आपले पैसे देणाऱ्याला हिशेब करणारी मुलगी दिसली की तो खिशात हात घालतो.

'अर्धंमुर्धं' म्हणजे काय, हे विचारशीलच. तुझ्या मसुद्यात बावीस सोयी आहेत, मी मोजल्या. साठवणं, वाचणं, खुणा, टिपणं, संदर्भसूची, गटात चर्चा, सारांश, आवाजात वाचून दाखवणं. त्यातली एक निवड. खरंच एक. आणि ती हेअरपिनची. फोनवर दोन रकान्यांचा पेपर एका रकान्यात, मोठ्या अक्षरांत, अंगठ्याने सरकवत वाचता आला पाहिजे. बाकी साठवणूक आणि संदर्भसूची झोटेरोवर सोड. त्यांच्या ग्रंथालयाशी बाहेरच्या ॲपला जोडून घेता येतं. वाचकाने तुझ्याकडे मारलेली रेघ त्याच्या झोटेरोत दिसली की झालं. झोटेरोचं स्वतःचंही आता अँड्रॉइड ॲप आहे, आयफोनच्या बरंच मागाहून आलं. तेव्हा 'झोटेरो असताना तुझं कशाला' असं पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारणार. त्याला उत्तर म्हणून बावीस सोयींची यादी चालणार नाही, पडद्यावर वाचून दाखवावं लागेल.

आणि ही एक सोयसुद्धा किती कठीण आहे, ते तू मसुद्यात लपवलंस. लपवू नकोस, तीच तुझी बाजू आहे. आमच्या मुलांना मी असं समजावते: पीडीएफ हा कागदाचा फोटो काढल्यासारखा प्रकार आहे. १९९३ साली अडोबीने तो आणला तोच मुळी यासाठी, की कुठल्याही यंत्रावर पान जसंच्या तसं दिसावं. बहुतेक पीडीएफना परिच्छेद म्हणजे काय ते माहीत नसतं. त्यांना एवढंच माहीत, की हे अक्षर कागदाच्या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर ठेवायचं. रकाना कुठे संपला, तळटीप कुठली, आकृतीखालची ओळ कुठली, हे ॲपला अंदाजाने ओळखावं लागतं. समीकरण आलं की अंदाज कोलमडतो. तक्ता आला की अजून. ग्रोबिडसारखी खुली साधनं आहेत, ती बरंच काम करतात, पण शंभर टक्के नाही. म्हणून 'कुठलाही पेपर' हे शब्द मसुद्यातून आजच्या आज काढ. जिथे मजकूर मुळातच मोकळा मिळतो तिथून सुरुवात कर. पॉल गिन्सपार्गांनी १९९१ साली सुरू केलेलं आर्काइव्ह हे पेपरांचं खुलं भांडार पुढे कॉर्नेल विद्यापीठाने सांभाळलं (केतकरांची डॉक्टरेटही तिथलीच, मला हे आठवलं की उगाच बरं वाटतं). डिसेंबर २०२३ पासून आर्काइव्हवर नव्या पेपरांची एचटीएमएल प्रतही मिळायला लागली. ती फोनवर सहज वळते. वैद्यकशास्त्राचं पबमेड सेंट्रल आहे. एवढ्या दोन ठिकाणचे पेपर तुझ्या ॲपमध्ये सुंदर दिसले, तरी लोक मान्य करतील.

आता मराठीबद्दल. हे तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, आणि माझ्या मते तुझी सगळ्यात मोठी ताकद इथे आहे. शोधगंगेवर मराठीतले प्रबंध किती तरी आहेत. प्रबंधांचं हे भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सांभाळतं. त्यातला एखादा उघड आणि एक परिच्छेद कॉपी करून बघ. कित्येकदा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती लागते, कारण तो प्रबंध युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला ते मराठी आहे हे कळत नाही. म्हणून त्यात शब्द शोधता येत नाही, ओळ उचलून टिपणात घेता येत नाही, आंधळ्या विद्यार्थ्याला ते यंत्राकडून वाचून घेता येत नाही. मराठी साहित्यात, इतिहासात, समाजशास्त्रात पीएचडी करणारी मुलं हे सगळं हाताने उतरवून घेतात, बयो. पानंच्या पानं. हे फॉन्ट युनिकोडमध्ये आणायच्या रीती आहेत, आणि नुसते स्कॅन असतील तर टेसरॅक्टसारखं खुलं साधन मराठी वाचतं. चुका करतं, पण वाचतं. हे तुझ्या ॲपमध्ये आलं तर लंडन किंवा बोस्टनमधली कुठलीही टोळी तुझ्याशी स्पर्धा करायला येणार नाही. आणि पैसेही इथूनच येतील. मराठी माणूस वर्गणी देताना हात आखडतो असं म्हणतात. मी ते मानत नाही. आपल्या कामाचं आहे हे दिसलं की तो देतो आणि पावतीही नीट जपून ठेवतो.

पैशाचं थोडं भरभर सांगते. किकस्टार्टरवर मोहीम काढायचं तू लिहिलंस, पण भारतात राहून तिथे मोहीम काढता येत नाही. ज्या देशांतल्या लोकांना ते काढू देतात त्यात आपण नाही. परदेशातल्या कुणा मित्राच्या नावाने काढायचा विचार तर मनातही आणू नकोस, पैसा त्याच्या खात्यात, कर त्याच्या डोक्यावर आणि वचन तुझं. तिथली एक रीत मात्र उचल: ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घ्यायचे, नाही तर कुणाचाच एक रुपया घ्यायचा नाही. अर्ध्या पैशात अर्धं ॲप होत नाही. आपल्याकडचे मंच बरेचसे दवाखान्याच्या बिलांसाठी चालतात, कलेच्या कामांसाठीही काही आहेत. जो निवडशील त्याचा वाटा, पैसे वळते करण्याचं शुल्क आणि त्या शुल्कावरचा जीएसटी आधी वाच. मग खरोखर हातात किती पडणार ते कागदावर मांड.

कायद्याचं असं की कुणालाही कंपनीत हिस्सा, नफ्यात वाटा, व्याज असलं काही कबूल करायचं नाही. लोकांकडून ऑनलाइन असं भांडवल गोळा करण्याविरुद्ध सेबीने २०१६ मध्येच इशारा दिलेला आहे. बक्षीस म्हणून वर्षभराची वर्गणी देणार असशील तर ती करखात्याच्या नजरेत आगाऊ विक्री ठरू शकते. एका चांगल्या सीएकडे तासभर बस, फी मी देते. परदेशातले मराठी लोक पैसे पाठवतो म्हणतील, त्याचंही त्यालाच विचार, तिथले नियम कडक आहेत. आणि दुसऱ्याचे पेपर आपल्या सर्व्हरवर साठवू नकोस. वाचकाची पीडीएफ त्याच्या फोनमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या ड्राइव्हवर राहू दे. तुझा खर्चही वाचेल आणि स्वामित्वहक्काची भांडणंही. कॉलेजचा पासवर्ड तर कुणाकडेच मागायचा नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा गूगलनेच ठेवली आहे. प्ले स्टोअरवर खातं काढायला २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. पण वैयक्तिक नवं खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते चाचणीत ठेवावं लागतं. बरेच जण हा जाच समजतात. तू हाच तुझा मुहूर्त समज. फुकट दिलेलं ॲप १४ दिवस मनापासून वापरणारे १२ जण तुला मिळाले नाहीत, तर पैसे मागायची वेळ अजून आलेली नाही. मिळाले, तर तेच तुझे पहिले वर्गणीदार. हेअरपिनवाल्या मुलीला मी विचारून ठेवलंय, ती तयार आहे. आयफोनचं आता राहू दे. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात आणि आमच्या ग्रंथालयातल्या तीस मुलांत आयफोन एकाकडे आहे.

बक्षिसांचं ते पाऊण पान पूर्ण खोडून टाक. कप नाहीत, टी-शर्ट नाहीत, काहीही कुरिअरने जाणार नाही. द्यायचंच असेल तर एक गोष्ट दे, ती कुठल्याही कपापेक्षा मोलाची आहे: बाहेर पडायचं दार. पहिल्या दिवसापासून ॲपमध्ये एक बटण असू दे. ते दाबलं की वाचकाचे सगळे संदर्भ बिबटेकच्या फाइलीत, सगळी टिपणं साध्या मजकुरात, सगळ्या खुणा पीडीएफवरच उमटवून त्याच्या हातात. उद्या तुझं ॲप बंद पडलं तरी त्याचं काही जाऊ नये. शिवाय कोड खुला ठेव, म्हणजे तू दमलीस तर दुसरं कुणी तरी पुढे नेईल. आणि आवाहनात लिही, की बंद करायची वेळ आली तर सहा महिने आधी सांगू. ज्याने पाचशे रुपये दिले त्याला तेवढ्यात आपलं बिऱ्हाड हलवता येईल.

दर महिन्याच्या पाच तारखेला देणाऱ्यांना पत्र गेलं पाहिजे. काम झालं तर झालं म्हणून, नाही झालं तर नाही झालं म्हणून. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. गणपतीनंतर मंडळाच्या फळ्यावर जमाखर्च लागतो ना, तसा. ज्या महिन्यात लिहायला लाज वाटेल त्या महिन्यात तर नक्कीच. त्या महिन्यात मला फोन कर, आपण दोघी मिळून लिहू. मी एकटीने ते लिहायचं टाळलं, म्हणून सांगते.

तुझ्या त्या मित्राबद्दलही बोलायचंय, जो कोड लिहिणार आहे. मुलगा चांगला आहे, मला आवडला. तरी त्याच्याशी कागद कर. कोड कुणाच्या मालकीचा, तो सोडून गेला तर काय, पैसे कुणाच्या खात्यात, सही कुणाची. मैत्री आहे म्हणून कागद नको असं नसतं. आम्ही तिघींनी कागद केला नव्हता. आज आमच्यातल्या एकीशी माझं बोलणं नाही, आणि त्याला कारण कप, कुरिअर आणि बँकेचं एक पासबुक आहे. तिची मला अजून आठवण येते.

आणि एक अगदी आपल्या दोघींतलं. तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण गेल्या दिवाळीपासून तिथेच आहे, हे मला माहीत आहे. गाइड काही म्हणत नाहीत म्हणून त्यांना दिसत नाही असं समजू नकोस. दुसऱ्यांना पेपर वाचायला सोपं जावं म्हणून आपलं वाचन बंद पाडायचं नाही. मोहीम ही महिनाभर दिवसरात्र खाणारी गोष्ट आहे. लोक पहाटे दोनला प्रश्न विचारतात. आधी ते प्रकरण दे, मग मोहीम काढ. मार्चऐवजी जून झाला तर काही बिघडत नाही.

मागताना मात्र लाजू नकोस. पहिली तीस-चाळीस नावं आपल्याच माणसांची असतात, सगळ्यांच्या मोहिमेत असतात. मावशी, शाळेतल्या बाई, जुने वर्गमित्र. त्यांना एकेकट्याला फोन करावा लागतो. सगळ्यांना एकच मेसेज पाठवून कुणी पैसे देत नाही. आईकडे मागू नकोस, ती तिच्या मुदत ठेवीला हात लावेल. आत्याला जरूर सांग. ती विचारेल जास्त, पण देईल.

त्या मुख्याध्यापकांना मी शेवटी उत्तर लिहिलं होतं. खरं ते लिहिलं, की काम थांबलंय, इतके पैसे खर्च झाले, इतके उरलेत, त्यातले तुमचे पाचशे परत करते. त्यांचं दुसरं कार्ड आलं. पैसे परत नकोत, जमेल तेवढी सूची कागदावर करून जवळच्या ग्रंथालयात ठेवा, मी 'दिले' लिहून टाकलंय. ती सूची मी केली. बावन्न पानं आहेत. अपुरी आहे, पण तुझ्या ॲपला ती चालेल का, हे मला कधीपासून विचारायचंय.

रविवारी सकाळच्या गाडीने ये. तुला सगळ्यात छळलेला तो दोन रकान्यांचा पेपर घेऊन ये, आणि आईचा जुना फोन, ज्याच्या काचेला तडा गेलाय तो. त्याच्यावर उघडतोय का ते आधी बघू. तुझ्या नव्या फोनवर नको.